थैली कुणाच्या हातात?

आजचा शास्त्रभाग : 2 करिंथ 8:16-21

दानाविषयी बोलायचं म्हटलं की आपण थेट नवव्या अध्यायातल्या सातव्या वचनाकडे जातो, आनंदाने देणाऱ्याकडे. त्याआधीची ही सहा वचनं मात्र चाळून सोडतो. त्यात काय, पैसे कोण नेणार एवढीच तर व्यवस्था!

यरुशलेममधल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी वर्गणी जमत होती. पौल ती एकट्याने हाताळत नाही. तीताबरोबर आणखी एक भाऊ पाठवतो, आणि तोही मंडळ्यांनी निवडलेला. एवढ्या मोठ्या देणगीवरून कुणी बोट दाखवू नये म्हणून. प्रेषित असूनही! (शिष्यांची थैली कुणाकडे असायची, ते योहान 12:6 मध्ये वाचा.)

मला इथे जे. सी. कुमारप्पा आठवतात. सेवाग्रामला बापू कुटी पाहून बरेच जण तसेच परततात, जवळच वर्ध्यात असलेल्या मगनवाडीत जात नाहीत. तिथे ग्रामोद्योग संघाचं काम या ख्रिस्ती माणसाने चालवलं. तंजावरचा जन्म, लंडनमध्ये हिशेबतपासनिसाचं शिक्षण. 1934 च्या बिहार भूकंपानंतर मदतनिधीचा हिशेब त्यांच्याकडे होता. कार्यकर्त्याच्या जेवणाला दिवसाला 3 आणे, बस. गांधीजी आपल्या माणसांसह तिथे आले, तेव्हा त्यांचा खर्चसुद्धा या निधीतून मिळणार नाही, असं कुमारप्पांनी सांगून टाकलं. गांधीजींनी ते मानलं. त्याच वर्षाअखेरीस ग्रामोद्योग संघ निघाला आणि त्याचं काम याच माणसाकडे आलं.

काहींना हा कोरडेपणा वाटेल. मला यात प्रीती दिसते. निधीत पडलेला पैसा देणाऱ्याचा राहत नाही, सांभाळणाऱ्याचा तर नाहीच. ज्याचं घर पडलं, त्याचा तो असतो.

आपल्या युवक संघात काय होतं? कुणाच्या ऑपरेशनसाठी क्यूआर कोड फिरतो, तासाभरात रक्कम जमते आणि मग ग्रुपवर शांतता. कुणी विचारलंच तर, "विश्वास नाही का आमच्यावर?" पौलाने हे उत्तर दिलं नाही.

पुढच्या वर्गणीला दोघं जण नेमा, त्यातला एक ग्रुपने निवडलेला. बिल टाका, पण आजाऱ्याचं नाव झाकून. त्याची अडचण जगाला दाखवायची गरज नाही. शेवटी 40 रुपये उरले तर तेही लिहा.

प्रभू येशू, दुसऱ्याने दिलेलं आज आमच्या हातात आहे. ते ज्याचं आहे त्याच्यापर्यंत पोहोचू दे. आमेन.