बंदीच्या दिवसांत घरची भाजी : बी पेरण्यापासून बी राखण्यापर्यंत



पावसाळ्यात, १ जूनपासून, आपली मासेमारी बंद असते. बोट किनाऱ्याला, जाळी दुरुस्तीला आणि घरात आवक शून्य. नेमकं त्याच वेळी पावसामुळे बाजारात भाजीचे भाव चढतात. मासळीही नाही आणि भाजीही महाग, अशा दोन्ही बाजूंनी घरखर्च आवळला जातो. म्हणून आज परसबागेचा धडा घेऊ. हा धडा खास करून बारडोली, मांडवी, व्यारा या आतल्या पट्ट्यात घरं असलेल्यांसाठी आहे, कारण तिथे घरामागे थोडी तरी जागा असते. किनाऱ्यावरच्या घरांसाठीही यात बरंच काही आहे.

बारडोली म्हटलं की १९२८ चा सत्याग्रह आणि ऊस एवढंच आठवतं. पण सुरतेच्या उंधियूतली पापडीही याच भागातली. कालव्याचं पाणी, काळी कसदार माती, त्यामुळे भाजी इथे जोमात येते. अडचण पावसात होते. काळी माती चिकट, पाणी धरून ठेवते, आणि सपाट जमिनीत पेरलेलं बी कुजून जातं.

कधी पेरायचं

बरेच जण पाऊस पडल्यावर पेरतात. मग भाजी हातात येते ऑगस्टमध्ये, म्हणजे बंदी सरत आल्यावर. हिशेब उलटा करायचा. भेंडीला पेरल्यापासून पहिला तोडा यायला ४५ ते ५० दिवस लागतात. १५ एप्रिलच्या आसपास पेरली तर जूनच्या पहिल्या आठवड्यात भेंडी ताटात. गवार आणि चवळीही त्याच सुमारास लावा, त्यांना थोडे दिवस जास्त लागतात. दोडका, दुधी, कारली या वेलांची बी अक्षय्य तृतीयेला टोचायची आपल्याकडे जुनी रीत आहे. खानदेशातली आपली माणसं तिला आखाजी म्हणतात. ती रीत सोडू नका, तिच्यामागे पक्का हिशेब आहे. तांदुळजा आणि लाल माठ तर २५ ते ३० दिवसांत काढायला येतात, म्हणून दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं पेरत राहा.

वांगी, मिरची, टोमॅटो यांचं आधी रोप करावं लागतं. मेच्या मध्यावर बी टाकलं तर चार-पाच आठवड्यांनी, पाऊस लागताना, रोप लावायला तयार होतं. ही भाजी बंदीनंतरची. पापडी जून-जुलैत पेरली तरी शेंगा थंडीतच येणार, तिची घाई करू नका.

बी कसं पेरायचं

१. आधी बी तपासा. दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून चार-पाच दिवस ठेवा. सात किंवा जास्त मोडावल्या तर बी चांगलं. चार-पाचच मोडावल्या तर दुप्पट पेरा. त्याहून कमी असेल तर दुसरं बी बघा.

२. भेंडीचं बी रात्रभर भिजवा. कारल्याचं टरफल जाड, ते पूर्ण दिवसभर भिजवा. धने हलक्या हाताने रगडून दोन फाका करून पेरा.

३. बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल जायला हवं, त्याहून खोल नको. माठासारखं बारीक बी वाळूत मिसळून वरच्यावर विखरा आणि मातीचा पातळ थर द्या.

४. काळ्या मातीत वीतभर उंच गादीवाफा करा, बाजूने पाणी निघून जाईल असा चर ठेवा. मातीत वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळा.

आपल्या घरातलं सामान

मासळीची थर्माकोलची जुनी पेटी रोपं करायला उत्तम. तळाला बोटभर अंतराने भोकं पाडा, आधी गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुवा. खाऱ्या पाण्याचा अंश राहिला तर कोवळं रोप करपतं. ज्यांच्या अंगणात खारी माती किंवा खारं पाणी आहे, त्यांनी अशाच पेट्यांत बाहेरची माती भरून भाजी लावावी.

वेलांसाठी जुनं जाळं वापरा, पण जाड दोऱ्याचं आणि मोठ्या आसाचं. तंगूसाचं बारीक जाळं नको, त्यात पाखरं आणि धामणी अडकून मरतात. धामण उंदीर खाते, म्हणजे बागेची राखणदारच.

मासळीची आतडी आणि खवले, पण मीठ न लावलेले, गुडघाभर खोल खड्ड्यात मातीआड पुरा. वरवर पुरलं तर कुत्री उकरतात. दोन महिन्यांनी ती माती वाफ्यात घाला. दुसरा प्रकार पातळ खताचा : मासळीचा कचरा आणि गूळ सारख्या वजनाने डब्यात भरा, झाकण सैल ठेवा, सावलीत तीन-चार आठवडे राहू द्या. गाळून एक लिटर पाण्यात ५ मिलि एवढंच घाला आणि मुळाशी द्या. जास्त दिलं तर झाड जळतं.

डिझेलचा किंवा इंजिन ऑइलचा रिकामा डबा मात्र भाजीला अजिबात वापरू नका, कितीही धुतला तरी.

पाकिटातलं बी आणि घरचं बी

दुकानातल्या पाकिटावर उगवणीची टक्केवारी, तपासणीची तारीख आणि मुदत छापलेली असते, ती वाचा. बी लाल, निळं, गुलाबी दिसलं तर त्याला औषध लावलेलं आहे. ते मुलांच्या हाताला आणि कोंबड्यांच्या तोंडाला लागू देऊ नका.

पाकिटावर संकरित किंवा हायब्रिड लिहिलं असेल तर पीक भरपूर येतं, पण त्याचं बी राखून पुढच्या वर्षी पेरलं की झाडं एकसारखी येत नाहीत. म्हणजे दरवर्षी पाकीट विकत. देशी किंवा सुधारित वाण घेतला तर एकदाच पैसे जातात. एका चांगल्या भेंडीत घरच्या वाफ्याला पुरेल एवढं बी असतं.

बी राखण्याचं मोल काय असतं, ते राहीबाई पोपेरे यांच्याकडे बघून कळतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई महादेव कोळी समाजातल्या, शाळेची पायरी कधी चढल्या नाहीत. घेवडा-वालाचे कितीतरी वाण आणि इतर गावरान बियाणी त्यांनी जपली, बायांना वाटली. बाएफ संस्थेची साथ मिळाली आणि घरातच बियाण्यांची बँक उभी राहिली. २०२० चा पद्मश्री त्यांना जाहीर झाला. सुरुवात परसातल्या मूठभर बियांपासूनच होते.

बी कसं राखायचं

सगळ्यात निरोगी झाड निवडा. त्यावरच्या दोन-तीन चांगल्या शेंगा किंवा फळं तोडायचीच नाहीत. खाऊन उरलेलं, किडकं फळ बियाला ठेवलं तर बीही तसंच निघतं. आपण बंदीत अंड्यावरची मासळी सोडतो ना, हे तसंच आहे.

• भेंडी, चवळी, वाल : शेंग झाडावरच वाळू द्या.
• वांगं : पिवळं पडेपर्यंत ठेवा, गर पाण्यात कुस्करा. तळाला बसेल ते बी चांगलं.
• टोमॅटो : गरासकट बी दोन दिवस आंबवा, धुवा, सावलीत वाळवा.
• दुधी, दोडका : वेलावरच सुकू द्या. हलवल्यावर बी वाजलं की काढा.

वेलांची परागवाहतूक मधमाश्या करतात. दुधीचे दोन वाण शेजारी लावले तर बी मिसळतं, म्हणून बियाला एकच वाण लावा. आणि एक गोष्ट घरात सगळ्यांना सांगून ठेवा : दुधी किंवा दोडका कडू लागला तर चव घेऊन लगेच टाकून द्या. भाजी नको, रसही नको. कडू दुधीच्या रसाने माणसं दवाखान्यात गेली आहेत, काही दगावलीही आहेत. अशा वेलाचं बीही ठेवू नका.

बी दाताखाली कट्कन तुटलं की वाळलं समजा. मग काचेच्या बरणीत कोरड्या राखेत मिसळून, नाव आणि वर्ष लिहून ठेवा. सुक्या मासळीच्या खोलीत ठेवू नका, तिथला दमटपणा बियाला मारक. भेंडीचं बी दोन वर्षं चालतं, वांगी-टोमॅटोचं चारेक वर्षं, कांद्याचं मात्र वर्षभरच.

पंधरा-वीस भेंडीची झाडं, दोन दोडक्याचे वेल, एक वाफा माठाचा. चार माणसांच्या घराला आठवड्यातून तीन-चार दिवस पुरेल एवढी ही बाग आहे. बायका हे काम आधीपासून करतात. बंदीत घरी असलेल्या पुरुषांनी वाफे करायला आणि जाळं बांधायला हात लावावा, एवढंच सांगणं.

तुमच्याकडे जुन्या वाणाचं बी असेल तर खाली लिहा. ज्याच्याकडे जे आहे ते एकमेकांना देऊ, म्हणजे एप्रिलमध्ये कुणाला पाकीट शोधत फिरावं लागणार नाही.