परदेशी हॉटेलचा दर : दोन अधिकांचा हिशेब

भंडाऱ्यात पितळेचे भांडे घेणारे गिऱ्हाईक वजन आणि घडणावळ वेगवेगळी विचारते. कुटुंबासह थायलंड-मलेशियाच्या सहलीला जाताना समुद्रकाठचे आलिशान हॉटेल ठरवायचे, तर व्यापारी व कारागीर बंधूंनी हीच सवय ठेवावी.

तिकडील दरपत्रकात भाड्यापुढे पुष्कळदा अधिकाची दोन चिन्हे असतात. एक सेवाशुल्काचे, दुसरे कराचे. थायलंडमध्ये खोलीचा दर १०,००० बाट असेल, तर १० टक्के सेवाशुल्काचे १,००० आणि त्या ११,००० वर ७ टक्के कराचे ७७० मिळून ११,७७० बाट द्यावे लागतात. मलेशियात परदेशी पाहुण्यांना २०१७ पासून दर खोलीस दर रात्री १० रिंगिट पर्यटन कर वेगळा पडतो.

दुसरी बाब जेवणाची. ‘डुकराचे मांस नाही’ ही पाटी म्हणजे हलाल नव्हे. कोंबडी-बकरे जबीहा आहे की नाही, हे तिच्यावरून कळत नाही. प्रमाणपत्र पाहावे. मलेशियात ‘जाकिम’ या सरकारी खात्याचे, थायलंडमध्ये मध्यवर्ती इस्लामी परिषदेचे प्रमाणपत्र चालते. ते एखाद्याच स्वयंपाकघरापुरते असू शकते. कोणत्या, ते विचारून घ्यावे.

तिसरी बाब मोसमाची. मे ते ऑक्टोबर फुकेत व लंकावीकडे पावसाळा. नोव्हेंबरात कोह सामुई व तेरेंगानूकडे. दर फारच उतरलेला दिसला, तर आधी महिना पाहावा.

एकूण रक्कम, न्याहारी, जादा खाट, रद्द केल्यास परतावा, सर्व लेखी घ्यावे. मगच बयाणा द्यावा.