इंजिन उघडायची घाई नको

मनू, आप्पांची येझदी धुळ्याहून जळगावला नेलीस ते बरं केलंस. पण किक मारून सुरू होत नाही म्हणून लगेच इंजिन खाली उतरवू नकोस. आपल्या खान्देशात इंजिन खोलायला चार जण पटकन जमतात, जोडायला मात्र कोणी नसतं.

येझदी बनवणारा म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना 1996 मध्ये बंद पडला. आज बाजारात मिळतात ते बहुतेक इतरांनी बनवलेले भाग. म्हणून चालणारा जुना भाग उगाच काढायचा नाही.

आधी चार-सहा किका मार आणि प्लग काढून बघ. कोरडा असेल तर पेट्रोल येत नाही. कार्बोरेटर उघड, जेटमधून हवा मार. ओला असेल तर स्पार्क बघ. स्पार्क कमजोर असेल तर पॉइंट बारीक पॉलिश पेपरने घासून 0.4 मिमी फट ठेव. पॉइंटवरच ठिणग्या उडत असतील तर कंडेन्सर बदल. स्वस्त वस्तू आहे, पण लोक तिच्यापायी अख्खं इंजिन खोलतात. सायलेन्सरची बॅफलही काढून बघ. टू-स्ट्रोकमध्ये काजळी साचून वाट बंद होते, आणि मग गाडीने दम सोडला असंच वाटतं.

आता खरी मेख. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये जातं, मग पिस्टनवर. त्यामुळे क्रँकची दोन ऑइल सील म्हणजे इंजिनाचा प्राण. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की त्यांचं रबर कडक होतं. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर गिअरचं ऑइल आत ओढलं जातं: दाट पांढरा धूर निघतो आणि गिअर ऑइल कमी होत जातं. पॉइंटच्या बाजूचं गेलं तर बाहेरची हवा शिरते, आयडलिंग आपोआप चढतं, मिश्रण पातळ होऊन पिस्टन तापतो. मे महिन्यात जळगावचा पारा 45 च्या आसपास असताना असा पिस्टन जाम व्हायला वेळ लागत नाही. हे रोग ओळखले नाहीत तर नवा पिस्टनही जळेल.

प्लगच्या भोकावर अंगठा दाबून किक मारून बघ. दाब जोरात अंगठा उडवत नसेल, तरच हेड आणि बॅरल काढ. मूळ बोअर 65 मिमीचा. घासला असेल तर आधी ओव्हरसाइज पिस्टन विकत घे आणि तोच लेथवाल्याच्या हातात दे, म्हणजे तो मापून बोअर करेल. बोअरनंतर पोर्टच्या कडा धारदार राहतात. त्या किंचित गोल करून घे, नाहीतर रिंग अडकून तुटेल. हे सांगितल्याशिवाय फारसं कोणी करत नाही, म्हणून समोर उभी राहा, संकोच करू नकोस. बाईमाणूस काय समजणार म्हणणारे भेटतील. त्यांना फीलर गेज दाखव.

जोडताना पिस्टनवरचा बाण सायलेन्सरच्या पाइपाकडे. रिंगची तोंडं खाचेतल्या पिनवर बसली का बघ. सर्क्लिप नेहमी नवी, आणि ती बसवताना क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंब. भाग धुवायला डिझेल वापर, अंगणात, कूलरच्या बोर्डपासून लांब. इंजिन नंबरवर ग्राइंडर किंवा वायर ब्रश लावू नकोस. नंबर पुसला तर आरटीओत उत्तरं देता देता जीव जाईल. 2021 च्या नियमाने 50 वर्षांवरची गाडीच व्हिंटेज धरतात. आपली त्यात बसत नाही, तेव्हा नोंदणीचं नूतनीकरण वेळेत कर.

नव्या पिस्टनवर सुरुवातीला पेट्रोलच्या लिटरला 50 मिली टू-टी ऑइल घाल, नंतर 40. सकाळच्या गारव्यात आसोद्यापर्यंत जाऊन ये. पारोळ्याच्या हायवेवर इतक्यात नको.

आज एवढंच कर: गिअर ऑइलची पातळी बघ, गाडी सुरू झालीच तर धुराचा रंग बघ, आणि मला फोन कर. पाना त्यानंतर हातात घे.