गणवेशावरील अक्षरे : छपाई कोठे, भरतकाम कोठे?

जून महिन्यात शाळा उघडतात, पाठोपाठ स्वातंत्र्यदिन येतो आणि मग तालुका व जिल्हा पातळीवरील क्रीडास्पर्धांचे दिवस सुरू होतात. या निमित्तांनी शाळा, ग्रामपंचायती व शासकीय कार्यालये कपड्यांवर नावे, बोधचिन्हे आणि घोषवाक्ये उमटवून घेतात. कापड, शिलाई व माप यांची चौकशी खरेदीच्या वेळी बारकाईने होते. परंतु अक्षरे कोणत्या पद्धतीने उमटवावयाची, हा प्रश्न बहुधा पुरवठादारावर सोपविला जातो. दरपत्रकात ‘छपाईसह’ एवढाच शब्द असतो. त्या एका शब्दात चार-पाच निरनिराळ्या पद्धती दडलेल्या आहेत आणि त्यांतील एकीला मानवणारे कापड दुसरीला मुळीच चालत नाही.

प्रस्तुत लेखकास याचा प्रत्यय एका जनजागृती मोहिमेत आला. स्वयंसेवकांसाठी लाल रंगाचे टी-शर्ट घेण्यात आले होते. कापड पॉलिएस्टरचे, अक्षरे पांढरी. माल हाती आला तेव्हा अक्षरे स्वच्छ पांढरी होती. गठ्ठे काही दिवस तसेच बांधून राहिले आणि मोहिमेच्या सकाळी सोडले, तेव्हा सारी अक्षरे गुलाबी झालेली आढळली. शाई चांगल्या प्रतीची वापरली होती, असे पुरवठादाराचे म्हणणे. आणि ते खोटे नव्हते. पॉलिएस्टरला दिलेला रंग अधिक उष्णता लागली की धाग्यातून सुटतो व वरच्या शाईच्या थरात शिरतो. छपाई पक्की करण्यासाठी दिलेल्या आचेनेच तो सुटला होता. अशा कापडासाठी कमी उष्णतेवर पक्की होणारी किंवा रंग अडवून धरणारी शाई मिळते. ती मागावयास हवी, हे दर मंजूर करणाऱ्या आम्हां कोणासच ठाऊक नव्हते. पैसे मात्र सरकारी तिजोरीतून गेले.

म्हणून पहिला प्रश्न कापडाचा. ते सुती आहे, पॉलिएस्टरचे आहे की दोहोंच्या मिश्रणाचे, हे ठरविण्याची जुनी परीक्षा शाळेच्या प्रयोगशाळेतही करता येते. कापडाच्या कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरावा व जाळावा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा येतो आणि मऊ करडी राख राहते. पॉलिएस्टर आधी आक्रसते, वितळते आणि त्याचा काळा, टणक मणी बनतो. गणवेशात नेहमी आढळणाऱ्या मिश्र कापडात दोन्ही लक्षणे दिसतात.

सुती कापड आणि मोठी संख्या असेल, तर स्क्रीन प्रिंटिंगसारखी दुसरी पद्धत नाही. चौकटीवर ताणलेल्या बारीक जाळीवर प्रकाशसंवेदी द्रावणाचा लेप देऊन चित्राची जागा तेवढी मोकळी ठेवतात आणि रबरी पट्टीने शाई त्यातून खाली दाबतात. प्रत्येक रंगास स्वतंत्र जाळी लागते, आणि खर्चाची मेख येथेच आहे. समजा, एक जाळी तयार करण्यास ४०० रुपये पडले. तीन रंगांच्या चित्रास १,२०० रुपये झाले. हा खर्च २० कपड्यांवर विभागला तर नगामागे ६० रुपये पडतात. ४०० कपड्यांवर विभागला तर अवघे ३ रुपये. बोधचिन्ह पाच रंगांऐवजी एका रंगात बसविता आले, तर दर आपोआप खाली येतो. ग्रामपंचायतींनी बोधचिन्ह ठरवितानाच हा विचार केलेला बरा.

स्क्रीन प्रिंटिंगच्या शाया मुख्यत्वे दोन प्रकारच्या. पाण्यात कालविलेली पिगमेंट शाई हलकी असते, कापड मऊ राहते. मात्र गडद कापडावर ती उठून दिसत नाही. प्लास्टिसॉल ही शाई गडद कापडावरही ठसठशीत दिसते, परंतु ती हवेने वाळत नाही. सामान्यतः सुमारे १६० अंश सेल्सिअस उष्णता मिळाली तरच पक्की होते. पिगमेंट शाईतील बाइंडरलाही पुरेशी आच लागते. छापलेले कपडे केवळ दोरीवर वाळवून बांधून देणारे कारागीर आजही आहेत. छपाई धुण्यात गेल्याच्या तक्रारींचे मूळ पुष्कळदा शाईत नसते. आच अपुरी दिलेली असते.

कबड्डी, खो-खोच्या जर्सींची गोष्ट वेगळी. त्या पॉलिएस्टरच्या असतात व प्रत्येक खेळाडूचे नाव आणि क्रमांक निराळा असतो. येथे सब्लिमेशन उत्तम. विशेष शाईने कागदावर चित्र छापून तो कागद कापडावर सुमारे २०० अंशांवर दाबला की शाईचा वायू होऊन ती थेट धाग्यात मुरते. वर थर राहत नाही. त्यामुळे अक्षरे सोलत नाहीत आणि घामाला वाट मिळते. पण कापड पॉलिएस्टरचे आणि पांढरे अथवा फिके असले पाहिजे. गडद जर्सी हवी असेल तर पांढऱ्या कापडावरच तो गडद रंगही छापून घेतात. सुती कापडावर हीच छपाई करून दिल्यास पहिल्या काही धुण्यांतच ती पुसट होते.

दहा-वीसच कपडे असतील, तर उष्णतेने चिकटविण्याच्या पद्धती सोयीच्या. व्हिनाइलची अक्षरे यंत्राने कापून चिकटवितात. अलीकडे डीटीएफ या नावाने फिल्मवर छापून कापडावर उतरविण्याची पद्धत रूढ झाली आहे. तीत अनेक रंग येतात आणि बहुतेक कापडे चालतात. तथापि हा वरचा थर होय. छातीभर मोठे चित्र असले की उन्हाळ्यात तेवढ्या जागेतून वारा खेळत नाही, आणि वारंवार धुण्याने कडा उचलू लागतात.

भरतकाम सर्वांत टिकाऊ. रोज वापरावयाच्या गणवेशाच्या खिशावरील चिन्हास ते शोभते. त्याचा दर टाक्यांच्या संख्येवर ठरतो, रंगांवर फारसा नाही. मात्र अर्ध्या सेंटिमीटरहून लहान अक्षरे त्यात वाचता येत नाहीत. देवनागरीतील रफार, अनुस्वार व जोडाक्षरे तर सर्वप्रथम बुजतात. शाळेचे लांबलचक नाव भरतकामात बसविण्याचा हट्ट धरू नये. पातळ कापड टाक्यांनी आक्रसते, आणि रेनकोटवर भरतकाम केल्यास सुईच्या छिद्रांतून पाणी झिरपते.

समग्र शिक्षा योजनेतील गणवेशांची जबाबदारी २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापासून पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आली आहे. योजनेत एका विद्यार्थ्याच्या दोन गणवेशांसाठी ६०० रुपयांची तरतूद आहे. एवढ्या रकमेत कापड व शिलाई भागवून चिन्हासाठी फार काही उरत नाही. तेव्हा दरपत्रक मागवितानाच कापडाचा प्रकार, पद्धत, रंगांची संख्या आणि चिन्हाचे माप सेंटिमीटरमध्ये लिहावे, आणि पुरवठा आदेशापूर्वी त्याच कापडावर एक नमुना करून घ्यावा. नमुना घरच्याप्रमाणे साबणाने पाच वेळा धुवावा, ओल्या पांढऱ्या फडक्याने अक्षरे घासून पाहावीत आणि कापड हाताने ताणावे. फडक्यास रंग लागला वा अक्षरांस भेगा पडल्या, तर तो नमुना नाकारावा. गावातील महिला बचत गटास काम द्यावयाचे असल्यास हा नमुना त्यांच्या हिताचाच ठरतो. शेकडो सदरे परत आले, तर लहान गटाचे भांडवल बुडते.

चिन्ह निवडताना कायद्याचेही भान हवे. भारताच्या राजचिन्हाचा वापर २००५ च्या अधिनियमाने नियंत्रित केलेला आहे. तसेच राष्ट्रध्वज पोशाखाच्या कापडावर छापणे किंवा भरणे हे राष्ट्रीय प्रतिष्ठेच्या अवमानास प्रतिबंध करणाऱ्या १९७१ च्या अधिनियमान्वये निषिद्ध आहे. स्वातंत्र्यदिनाच्या उत्साहात टी-शर्टांवर ध्वज छापून घेणाऱ्या मंडळांच्या हे ध्यानी नसते.

मंजूर झालेला नमुना उभयपक्षी सह्या करून कार्यालयात ठेवावा आणि माल उतरवून घेताना त्याच्याशी ताडून पाहावा. स्क्रीन प्रिंटिंग केले असल्यास आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी. काम संपले की कारागीर बहुधा जाळी धुऊन दुसऱ्या कामास घेतो. जाळीचे पैसे आपण वेगळे मोजलेले असतील, तर ती न धुता पुढील वर्षासाठी राखून ठेवण्यास सांगता येते.