भातुकलीतली हार्डडिस्क : व्हर्च्युअल मशीनमध्ये लिनक्स बसवून पाहू या



लिनक्स बसवताना स्क्रीनवर एक पर्याय येतो, ‘इरेज डिस्क अँड इन्स्टॉल’. काही वर्षांपूर्वी मी त्यावर बिनधास्त क्लिक केलं होतं. मला वाटलं, रिकामी जागा तेवढी पुसेल. विंडोज तर गेलंच, सोबत चौथीच्या आकारिक मूल्यमापनाचे तक्ते आणि स्नेहसंमेलनाचे सगळे फोटोही गेले. तक्ते दोन रात्री बसून पुन्हा केले. फोटो कुठून आणणार? तेव्हापासून मी लिनक्सचं नाव काढलं की स्टाफरूममध्ये एक वाक्य ठरलेलं, “मॅडम, पुन्हा सगळं उडवता का?”

पण आता विषय टाळून चालत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला जुने प्रोसेसर चालत नाहीत, आणि आपल्याकडची बरीच मशीनं जुनीच आहेत. अशा मशीनवर लिनक्स छान चालतं. प्रश्न एवढाच की शिकायचं कुठं? शाळेच्या एकुलत्या एका लॅपटॉपवर प्रयोग करायला कोणाचीही छाती होत नाही.

त्यावरचा उपाय म्हणजे व्हर्च्युअल मशीन. आपल्या मुली भातुकली मांडतात ना, तसंच हे. चूल असते, भांडी असतात, स्वयंपाकही होतो, पण सांडलं तरी घरातलं धान्य जात नाही. व्हर्च्युअलबॉक्स नावाचा मोफत प्रोग्राम विंडोजच्या आत एक खोटा संगणक मांडतो. त्याची ‘हार्डडिस्क’ म्हणजे आपल्या लॅपटॉपवरची एक मोठी फाइल, बस. आतल्या लिनक्सला वाटतं की हाच सगळा संगणक आहे. ते ‘डिस्क पुसू का?’ विचारतं तेव्हा त्याला ती फाइलच दिसत असते, तुमची खरी डिस्क दिसतच नाही.

आधी मशीन बघा. आठ जीबी रॅम असेल तर काम नीट होईल. चार जीबीवर मी करून पाहिलंय, माऊस हलवला की चहा पिऊन यावं इतकं संथ. नादी लागू नका. सी ड्राइव्हवर ३०-४० जीबी जागा मोकळी हवी. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू उघडा. तिथं ‘व्हर्च्युअलायझेशन : एनेबल्ड’ दिसायला हवं. ‘डिसेबल्ड’ असेल तर संगणक सुरू होताना बायोसमध्ये जाऊन ते चालू करावं लागतं. बायोसची सवय नसेल तर दुकानदाराकडून करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

मग दोन गोष्टी उतरवून घ्या, त्याही त्यांच्या मूळ संकेतस्थळावरूनच : व्हर्च्युअलबॉक्स, आणि लिनक्स मिंटच्या एक्सएफसीई आवृत्तीची आयएसओ फाइल. ही फाइल जवळपास तीन जीबीची आहे, म्हणून मोबाइलचा डेटा शिल्लक बघूनच बसा. व्हर्च्युअलबॉक्स बसताना नेट क्षणभर तुटतं, घाबरू नका. ‘व्हिज्युअल सी प्लस प्लस’ मागितलं तर ते मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून आधी बसवा.

आता ‘न्यू’ दाबा, नाव द्या, आयएसओ फाइल दाखवा. इथं ‘अनअटेंडेड इन्स्टॉलेशन’ असा पर्याय येतो. तो नको. त्यात सगळं आपोआप होतं, आणि आपल्याला तर तेच शिकायचंय. रॅम ३ ते ४ जीबी द्या. पट्टीवर हिरवा आणि लाल भाग दिसतो, हिरव्यातच राहा. प्रोसेसर दोन, डिस्क २५ जीबी. एवढी जागा लगेच अडकत नाही. आत सामान भरेल तशी फाइल वाढते.

‘स्टार्ट’ दाबलं की मिंटचा डेस्कटॉप दिसतो. बऱ्याच जणांना वाटतं झालं काम. नाही! हे नुसतं दर्शन आहे. डेस्कटॉपवरचं ‘इन्स्टॉल लिनक्स मिंट’ हे चित्र उघडा, भाषा, कीबोर्ड निवडा, आणि मग येतो तो पर्याय, ‘इरेज डिस्क’. खिडकीचं शीर्षक एकदा वाचा. त्यात तुम्ही दिलेलं नाव आणि ‘व्हर्च्युअलबॉक्स’ दिसतंय? मग खुशाल पुढं जा. माझा हात इथं पहिल्या वेळी थरथरला होता, खोटं कशाला बोलू. पंधरा-वीस मिनिटांनी खिडकी लहान केली, तर मागं विंडोज जसंच्या तसं, माझ्या फाइल्सही जागेवर.

माऊस आतच अडकला तर उजवीकडचं कंट्रोल बटण दाबा, सुटतो. खाली कोपऱ्यात हिरवं कासव दिसलं आणि मशीन रेंगाळत असेल, तर विंडोजची हायपर-व्ही यंत्रणा चालू आहे असं समजा.

बसवून झालं की ‘टेक स्नॅपशॉट’ करा. मशीनची आत्ताची अवस्था तशीच्या तशी जपली जाते. मग मुलांच्या हाती द्या. मुलांनी मेनू गायब केला, पासवर्ड बदलला, काहीही केलं तरी ‘रिस्टोअर’ने मागं येता येतं. दिवे जायची वेळ असेल तर खिडकी बंद करताना ‘सेव्ह द मशीन स्टेट’ निवडा. मलकापूरच्या मे महिन्यात मी तर सकाळीच हे काम उरकते. दुपारी लॅपटॉपचा पंखा आणि आपण, दोघंही धापा टाकतो.

माझ्या वर्गात सगळ्यात जास्त गंमत आली ती मराठी टायपिंगला. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इन्स्क्रिप्ट जोडा. यात स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. क आणि ख एकाच बटणावर, ग आणि घ एकाच बटणावर, शिफ्टसह. ज्या मुलांना बाराखडी येते त्यांना ही मांडणी लवकर कळते, स्पेलिंग लागत नाही.

लिनक्स प्राथमिक शाळेला झेपेल का, असं पालक विचारतात. आपल्याच राज्यात रायगड जिल्ह्यातल्या खैराट धनगरवाड्यावरच्या छोट्या शाळेत २००७ साली ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’चे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले होते. त्यांच्यात लिनक्सच होतं, मुलांसाठीच्या ‘शुगर’ नावाच्या रूपात. केरळच्या सरकारी शाळाही कितीतरी वर्षं लिनक्सवर शिकतात.

मात्र व्हर्च्युअल मशीनमुळे जुन्या विंडोज १० चा धोका जात नाही, कारण बाहेर तेच चालू असतं. ही रंगीत तालीम आहे. चार-पाच वेळा आत बसवून हात बसला, की सगळा डेटा पेनड्राइव्हवर घ्या, तो दुसऱ्या संगणकावर उघडून बघा, आणि मगच खऱ्या मशीनला हात लावा. स्नॅपशॉटला बॅकअप समजू नका. लॅपटॉपची डिस्क गेली तर तोही तिच्यासोबत जातो.

आणि भातुकलीतून खऱ्या घरात उघडणारं एक दार आहे, ‘शेअर्ड फोल्डर’. विंडोजमधलं फोल्डर आत दिसावं म्हणून ते जोडतात. पण त्यातली फाइल आतून पुसली तर ती विंडोजमधूनही खरोखर जाते, आणि स्नॅपशॉट तिला परत आणत नाही. ते फोल्डर जोडताना ‘रीड-ओन्ली’वर खूण करा, आणि निकालपत्रकांचं फोल्डर तर जोडूच नका.