पटावर नाव नाही, पाटीवर जागा हवी

पालकहो, मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणारी घरं आपल्या धाराशिव जिल्ह्यात फार नसतील. पण जी आहेत त्यांचा प्रश्न साधा नाही. ‘अभ्यासाचं आमचं आम्ही बघू, पण पोरीला खो-खो खेळायचाय. गावातली शाळा तिला संघात घेईल का?’

आजच्या नियमाने नाही. क्रीडा खात्याच्या शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या गटांत होतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढत जातात. त्यांत खेळणारं मूल शाळेचं नियमित विद्यार्थी असावं लागतं. १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीची परीक्षा बाहेरून देता येते, पण तेवढ्याने कुणी त्या शाळेचं नियमित विद्यार्थी होत नाही.

मग कुणीतरी शहाणा सुचवतो, नावापुरता प्रवेश घेऊन टाका, हजेरीचं बघता येईल. एवढं मात्र करू नका. घोकंपट्टी नको, मुलाने खरं शिकावं, म्हणून तुम्ही शाळा सोडली ना? मग खोट्या हजेरीवर मिळालेल्या पदकाचं त्या पोराला काय सांगणार?

माझं विचाराल तर नियम बदलावा, या मुलांना खेळू द्यावं. पण एका अटीवर. खो-खोत नऊ जण मैदानात उतरतात. आठ जण पाटीवर आळीपाळीने उलट-सुलट तोंडं करून बसतात आणि नववा पळतो. खो कधी मिळणार, पोलकडून कोण वळणार, हे पाठीमागच्याच्या नुसत्या चाहुलीवरून कळावं लागतं. ती समज रोजच्या सरावातच येते. म्हणून वर्षभर सगळ्यांबरोबर धूळ खाल्लेल्या मुलाला जागा द्यावी. स्पर्धेच्या आठवड्यात उगवणाऱ्याला नाही. बाहेरचा आला की आतला एक बसतो, हेही विसरू नये. ज्याची जागा जाते त्याच्या आईचा राग मला खोटा वाटत नाही.

अमेरिकेत हा वाद जुना आहे. फ्लोरिडात १९९६च्या कायद्याने घरी शिकणाऱ्या मुलांना सरकारी शाळांच्या संघांचं दार उघडलं. त्याच दारातून टिम टिबो हा मुलगा शाळेच्या फुटबॉल संघात गेला आणि २००७ साली कॉलेज फुटबॉलमधला सर्वांत मानाचा हाइझमन पुरस्कार घेऊन आला. पुढे इतर राज्यांतल्या अशा कायद्यांना लोक त्याच्याच नावाने ओळखू लागले. आपल्याकडे मुंबईच्या मालविका जोशीने सातवीच्या सुमारास शाळा सोडली. संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये तिने भारताकडून तीन पदकं मिळवली, पण बारावी नाही म्हणून आयआयटीचं दार बंद राहिलं. २०१६ साली ती एमआयटीत गेली. देशाच्या संघाला चाललेली मुलगी आपल्याच कॉलेजच्या नियमात बसली नाही!

तरी कायद्याची वाट बघत बसायची गरज नाही, निदान या जिल्ह्यात तरी नाही. इथल्याच सारिका काळेला २००५-०६च्या सुमारास खो-खोच्या मैदानावर नेलं ते तिच्या मामांनी. घरात एका वेळच्या जेवणावर भागवायचे दिवस होते. २०१६च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत ती भारताची कर्णधार होती, पुढे तुळजापुरात क्रीडा अधिकारी झाली आणि २०२०मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. २०२५च्या पहिल्या खो-खो विश्वचषकात नेपाळला हरवणाऱ्या संघातली अश्विनी शिंदेही इथलीच. इथे खो-खोची मंडळं आहेत, आणि खो-खो संघटनेच्या किशोर आणि कुमार गटांच्या स्पर्धा शालेय स्पर्धांपेक्षा वेगळ्या असतात. तेव्हा मुख्याध्यापकांशी हुज्जत घालण्याआधी जिल्हा संघटनेकडे जा, जन्मदाखला बरोबर न्या आणि नोंदणी कशी करायची ते विचारा. खेळाडूंसाठीच्या ५ टक्के आरक्षणाचं गणित मात्र दहा वर्षांच्या पोरीसमोर मांडू नका. तिला अजून नीट वळता येत नाही, तोवर तुम्ही तिला सरकारी नोकरीत बसवलेलं असतं.

आता जरा वेगळं बोलतो. भूम, परंडा, वाशी, कळंबकडे पटावर नाव असलेली पण हंगामात ऊसतोडीच्या फडावर असलेली मुलं आहेत. त्यांना कुणी घरी शिकवत नाही. मुकादमाची उचल घेतलेली असते, म्हणून दिवाळीच्या सुमारास आईबापाबरोबर ती कारखान्याच्या वाटेला लागतात. पावसाळ्यात तालुक्याला गाजलेली मुलगी वरच्या स्पर्धेच्या वेळी कोपीत धाकट्या भावाला सांभाळत असते. नियमाने ती पात्र असते आणि मैदानात नसते. घरी शिकवणाऱ्या पालकांकडे अर्ज लिहायला वेळ आहे, बोलायला शब्द आहेत. तिच्या आईबापाकडे दोन्ही नाही. म्हणून शाळेचं मैदान संध्याकाळी सगळ्यांसाठी खुलं करा असा अर्ज कराल तेव्हा त्यात हिचंही लिहा. हंगामी वसतिगृह वेळेत सुरू व्हावं, आजीकडे राहिलेल्या पोरीला सरावाला आणायला-सोडायला कुणी असावं, आणि खेळून आल्यावर तिच्या ताटात पोटभर पडावं, एवढं मागा. आणायला-सोडायला तर तुम्हीही जाऊ शकता. तुमची गाडी तशीही मैदानावर जाणारच आहे.