सीताफळ बोटीने जाईल का?



आपल्या या पत्रकात बहुतेक वेळा बेणे, खोडवा आणि पाण्याच्या पाळ्या हेच विषय असतात. या खेपेला थोडी वाकडी वाट धरीत आहोत. आपल्या बऱ्याच सभासदांनी कालव्याचं पाणी न पोचणाऱ्या माळावर केसर आंबा, डाळिंब, सीताफळ लावलं आहे. गटात फिरताना आम्हाला सारखं विचारलं जातं, "साहेब, माल परदेशी पाठवू म्हणणारे लोक येतात, त्यांना द्यावा का?" हो किंवा नाही म्हणण्याआधी माल समुद्रावरून कसा जातो हे समजून घेऊ.

सुरुवात उसापासूनच करू. तोडलेला ऊस फडात पडून राहिला की काय होतं हे तुम्हाला सांगायला नको. वजन घटतं, साखर फुटते, उतारा पडतो. म्हणून तर चोवीस तासांत काट्यावर आणा म्हणून आम्ही तुमच्या आणि टोळीच्या मागे लागतो. फळाचंही तसंच आहे. झाडावरून काढलं तरी ते श्वास घेत राहतं, आतली साखर खर्च करीत राहतं आणि स्वतःच ऊब तयार करतं. गारव्यात हा श्वास मंद होतो आणि फळाचं आयुष्य लांबतं.

ही युक्ती फार जुनी आहे. १८८२ साली न्यूझीलंडहून 'डनेडिन' नावाचं शिडाचं जहाज सुमारे पाच हजार गोठवलेल्या मेंढ्यांचं मांस घेऊन लंडनला निघालं. प्रवास ९८ दिवसांचा. उष्ण कटिबंधात असं लक्षात आलं की यंत्र गार हवा तयार करतंय, पण ती सगळीकडे पोचत नाही. तेव्हा कप्तान स्वतः हवेच्या बोगद्यात सरपटत शिरला आणि त्याने जादा भोकं पाडली. थंडीने तो असा गारठला की पायाला दोरी बांधून त्याला बाहेर ओढावं लागलं. लंडनला माल उतरवला तेव्हा एकच मेंढी टाकून द्यावी लागली. गारवा तयार करणं आणि तो मालातून फिरवणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे त्या कप्तानाला जिवावर बेतल्यावर कळलं.

आजचा रीफर कंटेनर याच तत्त्वावर चालतो. तळाच्या पन्हळींतून गार हवा सुटते, खोक्यांच्या भोकांतून वर चढते आणि छताजवळून परत यंत्राकडे जाते. म्हणून आत भिंतीवर तांबडी रेघ मारलेली असते, तिच्यावर माल रचायचा नसतो. खोकी वेडीवाकडी ठेवली आणि भोकांसमोर भोकं आली नाहीत, तर मधला माल उबतो. रस्त्यावर कंटेनरला डिझेलचा जनरेटर लावतात, बंदरात आणि बोटीवर वीज देतात. इथून न्हावाशेव्यापर्यंतच्या सुमारे चारशे किलोमीटरमध्ये ड्रायव्हरने डिझेल वाचवायला जनरेटर बंद ठेवला, तर पुढचं सारं फुकट.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, आणि इथेच पुष्कळांची फसगत होते. कंटेनर माल गार करीत नाही, तर आधी गार केलेला माल गार ठेवतो. उन्हात तोडलेलं फळ तसंच भरलं तर त्याच्या पोटातली ऊब कंटेनरला काढता येत नाही. म्हणून नाशिक-सांगलीकडचे द्राक्षवाले पहाटे तोडणी करतात, काही तासांत माल पूर्वशीतकरणाच्या खोलीत घालतात आणि मण्याच्या आतलं तापमान शून्याजवळ आलं की मगच भरतात. त्यांच्याकडे १९९१ पासून 'महाग्रेप्स' ही सहकारी व्यवस्था आहे. एकट्यादुकट्याचं हे काम नव्हे.

शिवाय प्रत्येक फळाचा गारवा वेगळा. द्राक्षाला शून्याच्या आसपास मानवतं. डाळिंबाला पाच-सहा अंश चालतात. आंबा बारा-तेरा अंशांच्या खाली नेला की साल काळी पडते आणि तो नीट पिकत नाही. म्हणजे एका कंटेनरमध्ये द्राक्ष आणि आंबा एकत्र जाऊ शकत नाहीत. भगव्या डाळिंबाची सुमारे १४ टनांची चाचणी खेप मार्च २०२५ मध्ये समुद्रमार्गे न्यूयॉर्कला पोचली. प्रवास पाच आठवड्यांचा होता. डाळिंब टिकाऊ म्हणून ते जमलं.

मग आपलं सीताफळ? बालाघाटच्या डोंगरातलं, धारूर-अंबाजोगाईकडचं हे फळ. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण हे फळ मोठं नाजूक. डोळे उघडले की दोन-चार दिवसांत पिकून मऊ. थंडीत ठेवावं तर साल काळी ठिक्कर. तेव्हा कोणी तुमची ताजी सीताफळं बोटीने युरोपात नेतो म्हणाला, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

गराची गोष्ट मात्र निराळी. सीताफळाचा गर आंब्याच्या रसासारखा तापवून डबाबंद करता येत नाही, तापवला की कडवट होतो. उघडा ठेवला तर तांबूस पडतो. त्याला एकच उपाय, बी काढून ताबडतोब गोठवणं. तेही झटपट. सावकाश गोठवलं तर गरात बर्फाचे मोठे स्फटिक होतात, ते पेशी फाडतात आणि वितळल्यावर पाणी एकीकडे, चोथा एकीकडे होतो. म्हणून उणे तीस-पस्तीस अंशांच्या जोरदार वाऱ्यात गोठवून मग उणे १८ अंशांवर किंवा त्याहून थंड साठवतात आणि त्याच थंडीत कंटेनर पाठवतात. ताज्या मालाच्या कंटेनरला हवा खेळायला झरोका उघडा ठेवतात, गोठवलेल्याला तो बंद. असा गर महिनोन् महिने टिकतो. त्यामुळे बोटीला उशीर झाला तरी धीर धरता येतो. डिसेंबर २०२३ नंतर तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बोटी आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागल्या, तेव्हा ताज्या द्राक्षवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

हिशेबही पाहा. फळातून गर निम्म्याहून कमी निघतो. निम्मा धरला तरी वीस टनांच्या एका कंटेनरला चाळीस टन सीताफळ लागेल, तेही एका प्रतीचं. एका गावाचं हे काम नाही. आणि वीज? हंगामात एक रात्र लाईट गेली आणि जनरेटर नसला, तर कोल्ड स्टोअरेजमधला माल आणि कर्ज दोन्ही अंगावर. आमच्या मते आज आपण फॅक्टरी काढायला धावू नये. चालू असलेल्या प्रक्रियाधारकाला एका प्रतीचा माल एकत्रितपणे, ठरलेल्या भावाने द्यावा.

दुसरं संकट औषधाचं. २०१० साली युरोपात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढरोधकाचा अंश सापडला. माल बंदरात अडकला आणि शेतकऱ्यांची दैना झाली. थंडी अगदी बरोबर होती, फळ टवटवीत होतं, तरी कोणी घेईना. तेव्हा कोणत्या तारखेला काय फवारलं याची वही आजपासून ठेवा.

राहिला व्यवहार. "माल तिकडे पोचल्यावर भाव ठरवू" असं कोणी म्हणालं, तर वाटेत माल बिघडल्याचा तोटा तुमचा, हे समजून चाला. कंटेनरमध्ये तापमान नोंदवणारं यंत्र असतं. त्या नोंदीची प्रत तुम्हाला मिळेल, हे आधीच कागदावर लिहून घ्या. विमा कोणाच्या नावे, बोटीच्या पावतीवर पाठवणारा कोण, तेही विचारा. उत्तर द्यायला जो टाळाटाळ करील त्याला माल देऊ नये.

ज्यांची सीताफळाची शंभराहून अधिक झाडं आहेत त्यांनी झाडांची संख्या, जात आणि लागवडीचं वर्ष आपल्या गट ऑफिसात चिटबॉयकडे नोंदवावं. बांधावरची आणि डोंगरातली झाडं वेगळी लिहावीत. पुरेशी नावं झाली तर फळ धरण्याआधी सर्वांना घेऊन अंबाजोगाईच्या सीताफळ संशोधन केंद्रावर जाण्याचा आमचा विचार आहे. डोंगरातून सीताफळं वेचून आणणाऱ्या भगिनींनीही यावं. फळ कधी तोडावं हे त्यांना आमच्याहून जास्त कळतं.